पावसाचे माप आपल्या हाती हवे



कापसाची गाडी घेऊन बाजारात गेलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. काटा ज्याच्या हातात, त्याचे वजन खरे. ओलावा मोजायचे यंत्र ज्याच्या हातात, त्याची प्रत खरी. म्हणून शहाणा शेतकरी गाडी गावाबाहेर काढण्याआधी गावच्या काट्यावर तोलून घेतो आणि चिठ्ठी खिशात ठेवतो. चिठ्ठी असली म्हणजे व्यापारी लगेच ऐकतो असे नाही, पण निदान तोंड उघडता येते.

पावसाच्या बाबतीत मात्र आपल्या खिशात चिठ्ठी नसते. ज्या पावसावर कोरडवाहूवाल्याचे सगळे वर्ष टांगलेले, तो आपल्या शिवारात किती पडला हे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी गावात मोजलेले असते. आपण सांगतो ‘वावर भरून पाऊस झाला’, ‘नुसता शिडकावा झाला’, ‘ढेकूळ फुटले नाही’. यातला एकही शब्द तहसीलदाराच्या कागदावर चढत नाही. तिथे आकडा लागतो, आणि आकडा आपला नसतो.

एका केंद्रामागे वीस गावे

महाराष्ट्र सरकारने २०१७ सालापासून ‘महावेध’ प्रकल्पात खाजगी भागीदारीतून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा दर दहा मिनिटांनी नोंदणारी ही केंद्रे दोन हजारांच्या वर आहेत. आधीच्या काळात तालुक्याच्या गावी एक पर्जन्यमापक असायचा आणि त्याच्यावर अख्ख्या तालुक्याचा न्याय व्हायचा. त्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, आणि ती नाकारण्यात आम्हाला रस नाही.

पण हिशेब करून पाहा. राज्याचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. केंद्रे दोन हजारांच्या घरात. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला जवळपास दीडशे चौरस किलोमीटर जमीन येते. गावे चाळीस हजारांहून जास्त. म्हणजे एका केंद्रामागे साधारण वीस गावे. आता वळवाचा पाऊस आणि श्रावणातली सर कशी पडते ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरे कोरडे, असे आपण म्हणतो ते गमतीने नव्हे.

हे पत्रक कोल्हापुरात मंगळवार पेठेतून निघते. या एका जिल्ह्याचेच पाहा. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला शिरोळला पाचशे-सहाशेच्या घरात. मधले अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. एवढ्यात दहापट फरक! तुमच्याकडे डोंगर नाहीत, फरक एवढा नसेल. पण तुमच्याकडे दहा मिलिमीटरचा फरकदेखील पीक उभे राहते की करपते हे ठरवतो.

आणि सरकारी कागदावर तर अर्ध्या मिलिमीटरने फरक पडतो. अतिवृष्टीच्या मदतीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस ही खूण धरली जाते. केंद्रावर ६४ झाला आणि तुमच्या नाल्याकाठच्या वावरात ९० झाला, तर माती वाहून गेली ती तुमची, आणि अतिवृष्टी मात्र झालीच नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या खरिपात सलग २१ दिवसांचा खंड पडला की नाही, यावर विम्याची आगाऊ भरपाई अवलंबून होती. केंद्राच्या डोक्यावर मधेच एखादी सर पडली की खंड कागदावर मोडतो. वीस गावांतली पऱ्हाटी मान टाकते ती वेगळीच गोष्ट.

पुढे २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीकविम्याचे निकष बदलले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. उद्या पुन्हा बदलतील. योजना दर दोन-चार वर्षांनी कूस बदलतात. आपल्याकडे मात्र कोणत्याही योजनेत उपयोगी पडेल असा स्वतःचा एकही आकडा नाही. बदलत्या निकषांशी झगडायचे तर न बदलणारी गोष्ट हवी, आणि ती म्हणजे रोजची नोंद.

माप कुणासाठी?

पाऊस मोजणे हे काही विलायतेहून आलेले खूळ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ हातभर तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे, आणि कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस हेही दिले आहे. आपल्या गोदावरीकाठच्या अश्मक देशाचे माप साडेतेरा द्रोण आणि माळव्याकडच्या अवंतीचे तेवीस. पण भांडे ठेवायचे कुठे? तर राजाच्या कोठारापाशी! मोजणी होती ती कोठाराच्या सोयीने.

इंग्रजांच्या काळात कचेरीच्या आवारात जो पर्जन्यमापक आला त्याला सायमनचा पर्जन्यमापक म्हणतात. हा जॉर्ज सायमन्स मोठा नमुनेदार माणूस. १८६० साली त्याने इंग्लंडात १६८ ठिकाणच्या पावसाच्या नोंदी गोळा केल्या. मोजणारे कोण? शेतकरी, पाद्री, डॉक्टर, घरंदाज बाया. बिनपगारी. १९०० साली तो वारला तेव्हा मोजणाऱ्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली होती. गंमत अशी की ज्या भांड्यामागे तिकडे हजारो सामान्य माणसे उभी होती, ते भांडे इकडे आले आणि कचेरीच्या कुंपणात जाऊन बसले.

पुण्याला हवामान खात्याचा शेतीसाठीचा विभाग १९३२ साली डॉ. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला. म्हणजे शेतीच्या हवामानशास्त्राची सुरुवात आपल्याच मातीत झाली. नव्वद वर्षे उलटली. २०१८ पासून देशभर जिल्हा पातळीवर १९९ कृषी हवामान केंद्रे उघडली. २०२४ साली ती बंद करण्यात आली. एका कागदाने उघडले, दुसऱ्या कागदाने मिटले. यात आम्ही कुणाला शिव्या देत नाही. एवढेच म्हणतो की दुसऱ्याच्या कागदावर उभी असलेली सोय ही आपली सोय नव्हे.

सोळा सेंटिमीटरचे गणित

आता कामाचे बोलू. स्वस्त हवामान केंद्र म्हणजे काही उपग्रह नव्हे. ते तीन पायऱ्यांनी उभे करता येते, आणि पहिली पायरी चढल्याशिवाय तिसरीचा हट्ट धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी पाऊस. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटरचा पाऊस तुमच्या एका एकरावर एक लाख लिटर पाणी टाकून जातो. हे मोजायला पत्र्याचे काम करणाऱ्याकडून एक नरसाळे करून घ्या. तोंडाचा आतला व्यास बरोबर १६ सेंटिमीटर, काठ उभा आणि धारेचा. या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर भरते, हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाचे असते तेवढेच. त्यात २० मिलिलिटर पाणी जमले म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. खाली पाच लिटरचा तेलाचा स्वच्छ डबा. मोजायला दवाखान्यात मिळते ती २० मिलिलिटरची सिरिंज. एक सिरिंज पाणी म्हणजे एक मिलिमीटर. शाळेत न गेलेली आजीसुद्धा हे मोजू शकते. मोठा पाऊस झाला तर लिटरचे माप वापरा. एक लिटर म्हणजे पन्नास मिलिमीटर. पाच लिटरच्या डब्यात अडीचशे मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मावतो.

नरसाळे दुसऱ्या मापाचे असेल तरी अडत नाही. व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने गुणा, दहाने भागा. येईल तेवढ्या मिलिलिटरला एक मिलिमीटर धरा.

काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि सपाट असावा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर भांडे ठेवावे. पंधरा फुटांच्या गोठ्यापासून तीस फूट लांब. छपरावर ठेवू नये, अंगणात तुळशीजवळ ठेवू नये. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, त्याच दिवसाच्या तारखेखाली लिहायचे, पाणी ओतून भांडे पुन्हा जागेवर. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. रिकामी ओळ म्हणजे पाऊस नाही असे नव्हे. रिकामी ओळ म्हणजे मोजणारा नाही. शून्य हीदेखील नोंद आहे, आणि खंडाच्या वर्षी तीच सर्वांत मोलाची.

या सगळ्याचा खर्च बियाण्याच्या एका पाकिटात बसावा. बीटी कपाशीच्या पाकिटाला २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये पडले. एकराला दोन पाकिटे. म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरले आणि मोड आली, तर एकरामागे अठराशे रुपये नुसत्या बियाण्याचे गेले. मजुरी आणि तिफणीचे भाडे वेगळेच. कोरडवाहू कपाशी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टोबू नये असे कृषी विद्यापीठे सांगत आली. सल्ला चांगला आहे. पण पंच्याहत्तर झाला की चाळीस, हे सांगणारे भांडे अंगणात नसेल तर तो सल्ला घेऊन करायचे काय? शेजाऱ्याची तिफण निघाली की आपली काढायची, हाच मग आपला पर्जन्यमापक.

खरीप ज्वारी उशिरा पेरली तर खोडमाशी खाते. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर पडते. ओल कमी पडली की दाणा भरताना खडखड्या लागून ताटे लोळतात. उत्तरा आणि हस्त या दोन नक्षत्रांत नेमका किती पाऊस मुरला याचा आकडा हाताशी असेल, तर किती रानात ज्वारी घ्यायची आणि किती रान हरभऱ्याला सोडायचे, हे घरात बसून ठरवता येते.

दुसरी पायरी हवा. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर, दार उत्तरेकडे. ओल्या आणि कोरड्या थर्मामीटरमधला फरक मोठा असेल तर हवा कोरडी. फरक मिटत आला तर हवा दमट. कणसात दाणा भरत असताना फरक दिवसेंदिवस मिटलेला राहिला, तर ज्वारी काळी पडण्याची तयारी सुरू झाली असे समजावे आणि काढणीची घाई करावी.

वाऱ्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही, पण तो जिवाशी खेळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि नुसत्या वाऱ्यावर ढकलून कुणाला सुटता येणार नाही. तरी वाऱ्याची दिशा दाखवणारी एक साधी पट्टी बांधावर असावी, आणि तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात पंप उचलू नये, एवढे आपल्या हातात आहे.

तिसरी पायरी यंत्राची. नरसाळ्याखाली दोन खणांचे झुलते पन्हाळे बसवतात. एक खण भरला की ते पालटते आणि दुसरा भरू लागतो. पन्हाळ्याला लोहचुंबक, शेजारी चुंबकाने चालणारा छोटा स्विच. प्रत्येक पालटण्याची खूण एका लहानशा संगणकी पाटीत जाते. त्याला तापमान आणि आर्द्रतेचा संवेदक जोडा, चार पंख्यांचा वाराफिरका जोडा, छोटी सौर पाटी आणि बॅटरी द्या, फोनचे सिमकार्ड घाला; आकडे मोबाइलवर येतात. संवेदकाला ऊन लागू नये म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक, मधे फट ठेवून रचतात. सुटे भाग बाजारात मिळतात. मजुरी धरली नाही तर दहा हजारांच्या आत-बाहेर काम होते. अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञांनी छपाई यंत्रावर प्लास्टिकचे भाग छापून असेच स्वस्त केंद्र तयार केले आणि ते झांबिया, केनियासारख्या गरीब मुलखांत उभे केले. केनियातल्या शेतकऱ्याला जमते ते आपल्याला जमू नये असे काही नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. पत्रा कापणारे, पितळ ओतणारे, लेथवर बोटांनी सूत पकडणारे कारागीर आजही इथे आहेत, आणि तुमच्या तालुक्याच्या गावीही आहेत.

यंत्र आणले की त्याच्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. नरसाळ्यात पाखरू घाण करते, कोळी जाळे विणतो, मुंग्या घर करतात, आणि ऐन आषाढात ढगांमुळे बॅटरी बसते. म्हणून यंत्राशेजारी साधे भांडे कायम ठेवावे. एका खणात अर्धा मिलिमीटर मावत असेल, तर २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यात एक लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडल्यावर पन्हाळे शंभर वेळा पालटले पाहिजे. दर वर्षी मृगाआधी ही परीक्षा घ्यावी. सरकारी केंद्राचीही अशीच परीक्षा गावकऱ्यांसमोर व्हावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

मोजणारे एकत्र आले की

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावात जुलै १९९७ मध्ये एका बाजूला फूटभराहून जास्त पाऊस कोसळला आणि दुसऱ्या बाजूला बेताचाच झाला. पूर आला, माणसे गेली. त्यातून शहाणे होऊन १९९८ साली तिथल्या लोकांनी घरोघरी साधी भांडी लावून पाऊस मोजायला सुरुवात केली. आज हजारो माणसे मोजतात आणि तिथले सरकारी हवामान खाते त्यांचे आकडे वापरते.

आपल्या देशात केरळच्या वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या परसात दोनशेच्या वर पर्जन्यमापक लावले. ३० जुलै २०२४ रोजी तिथे दरड कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. त्याच्या आदल्या दिवशीच या भांड्यांतले आकडे पाहून संस्थेने प्रशासनाला सावध केले होते. मोजणाऱ्यांनी आपले काम केले. ऐकणाऱ्यांनी ऐकले असते तर काय झाले असते, हा प्रश्न तिथले लोक आजही विचारतात, आणि तो विचारण्याचा अधिकार त्यांना त्या भांड्यांनीच दिला.

महाराष्ट्रात हिवरे बाजारला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी किती त्यावर पिके ठरवतात. पुण्याच्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत हवामान केंद्रे बसवून त्यांच्या आधारे पिकांचा सल्ला दिला. म्हणजे हे होऊ शकते. पण गावापुरते राहिले तर ते कौतुकाचे ठरते. जिल्ह्याचे झाले तर वजनाचे ठरते.

एक अट

काही मित्र विचारतील, हे काम सरकारचे, आपण का करायचे? सरकारचे काम सरकारने करावेच. ग्रामपंचायतीगणिक केंद्र आणि खुले आकडे ही मागणी आपण सोडणार नाही. परंतु फिर्यादीने पुरावा आरोपीकडे मागत बसायचे नसते.

दुसरे म्हणतील, आपल्या वहीला कचेरीत विचारतो कोण? खरे आहे. आज आपल्या आकड्याला कायद्याचे बळ नाही, आणि ते आहे असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण कृषी खात्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस पाहता येतो. तो आकडा आणि आपल्या वीस गावांचे आकडे शेजारी शेजारी तीन वर्षे मांडले, तर केंद्राची जागा चुकली आहे की मंडळच फार मोठे आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे सिद्ध करता येईल. तोवर पेरणीला आणि फवारणीला उपयोग होईलच. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.

मात्र एक अट आहे आणि तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे. खोटा पाऊस लिहायचा नाही. दुष्काळाच्या वर्षी चाराचे दोन करावेसे वाटतील, अतिवृष्टीच्या दिवशी साठाचे सत्तर करावेसे वाटतील. गावातलेच कुणी म्हणेल, लिही ना, तुझ्या बापाचे काय जाते? जाते. एका गावची एक वही खोटी निघाली की जिल्ह्यातल्या सगळ्या वह्या खोट्या ठरवायला कचेरीला एक दिवस पुरतो. आपण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या काट्याला दगाबाज म्हणत आलो. आपला काटा हाती आल्यावर तो सरळ धरणे, ही आपली परीक्षा आहे. ज्या दिवशी आकडा आपल्या विरुद्ध जातो, त्या दिवशीही तो तसाच लिहिणारा माणूस या कामाला हवा.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक तालुक्याने पाच गावे निवडावीत. प्रत्येक गावात दोन भांडी, दोन वेगवेगळ्या टोकांना, दोन वेगवेगळ्या घरी; म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला दिसेल. सकाळी साडेआठला घरी कोण असते याचा विचार करून वही शक्यतो घरच्या बाईच्या हाती द्यावी, आणि दुसरे भांडे शाळेत. रोजचा आकडा गावच्या फळ्यावर लिहावा, सगळ्यांना दिसेल असा. १ जूनला पहिली ओळ पडावी. नागपंचमीनंतरच्या आणि दिवाळीनंतरच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने वह्या घेऊन याव्यात. यंत्राचे केंद्र पहिल्या वर्षी तालुक्याला एकच. तेही ज्या गावाची वही वर्षभर अखंड भरली असेल त्याच गावाला.

बैठकीच्या मांडवाबाहेर सोळा सेंटिमीटरच्या नरसाळ्याचा एक नमुना ठेवला आहे. हातात घेऊन पाहा, माप उतरवून घ्या, आणि जाताना आपल्या तालुक्याच्या पाच गावांची नावे टेबलावरच्या वहीत लिहून जा.